गाळ्यातून उत्तरं : चेन काढून पट्टा?

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही खारघरला राहतो. माझ्या बारा वर्षांच्या मुलासाठी गेल्या वर्षी सेकंडहँड इलेक्ट्रिक डर्ट बाइक घेतली. ४८ व्होल्टची बॅटरी, १६०० वॉटची मोटर, पुढे ११ दात, मागे ५४ दात, चेनवर ‘४२०’ असं लिहिलंय, टायर २.५०-१०. पनवेलजवळ माझ्या भावाची कुंपण घातलेली मोकळी जागा आहे, शनिवार-रविवार तिथेच चालवतो. चेन दोनदा पडली, पावसाळ्यात गंजली, आणि आता पार्किंगमध्ये गाडी नुसती ढकलली तरी इतकी खडखडते की सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो. शेजाऱ्यांच्या एथरला पट्टा आहे. तेल नाही, काळे हात नाहीत. एक गॅरेजवाला म्हणतो, बारा हजारांत पट्टा बसवून देतो. बसवू का? मुलाने मापं घेतली आहेत, ती सोबत जोडते. — एक आई, खारघर

उत्तर : ताई, आधी चिरंजीवांना शाबासकी द्या. मला येणाऱ्या पत्रांत ‘गाडी मध्यम आकाराची आहे, आवाज विचित्र येतो’ यापलीकडे काही नसतं. तुमच्या मुलाने वहीच्या पानावर पेन्सिलीने बाइकची आकृती काढून लिहिलंय : मोटरच्या शाफ्टपासून मागच्या चिमट्याच्या बोल्टापर्यंत ९० मिलिमीटर, बोल्टापासून मागच्या ॲक्सलपर्यंत ३८०. बाजूला बारीक अक्षरात ‘पट्टी छोटी पडली म्हणून दोनदा मोजलं’. हा पोरगा पुढेमागे माझ्या गाळ्यावर आला तर त्याला लेथवर उभा करीन.

आणि त्याच दोन आकड्यांत तुमचं उत्तर आहे. बारा हजार पर्समध्येच ठेवा.

मागचं चाक धरणारा चिमटा, म्हणजे पोरं ज्याला स्विंगआर्म म्हणतात तो, बोल्टाभोवती वर-खाली होतो. मोटर मात्र फ्रेमला पक्की बसलेली आहे आणि तिचा शाफ्ट त्या बोल्टाच्या ९० मिलिमीटर पुढे आहे. शाफ्ट, बोल्ट आणि ॲक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की शाफ्ट ते ॲक्सल अंतर होतं ९० अधिक ३८०, म्हणजे ४७०. चिमटा त्या रेषेपासून १५ अंश खाली लोंबला तर तेच अंतर चारशे साडेसदुसष्टच्या आसपास येतं, आणि २५ अंशांवर ४६३. म्हणजे पोराने उडी मारली, चाक हवेत लोंबलं, मग जमिनीवर आपटून चिमटा सरळ झाला, एवढ्या क्षणात दोन चक्रांमधलं अंतर सात मिलिमीटरनं वाढलं.

चेनला याचं काही वाटत नाही. तिच्या खालच्या पदराला झोल असतो, तो कमी-जास्त होतो आणि प्रकरण मिटतं. दातेरी पट्ट्याच्या पोटात मात्र दोरे असतात. साध्या प्रकारात काचेच्या धाग्याचे, भारीत अरामिड किंवा कार्बनचे. ते दोरे ताणू नयेत म्हणूनच घातलेले असतात. पट्ट्याला तुम्ही चाक लोंबलेल्या स्थितीत ताण दिलात तर पहिल्याच खड्ड्यात सात मिलिमीटरची ओढ बसेल. पट्टा टिकला तर मोटरचं बेअरिंग जाईल. चिमटा सरळ असताना ताण दिलात तर चाक लोंबताच पट्टा सैल पडेल आणि ॲक्सिलरेटर दिला की पुलीवरून दात सोडत ‘टर्रर्र’ करत सरकेल. असं दोनतीनदा झालं की पट्ट्याचे दात मुळातून उपटतात. कणसातून दाणे काढल्यासारखे गोळा करता येतात, मी केले आहेत.

मग मोठ्या गाड्यांना कसा चालतो, असं तुम्ही म्हणाल. हार्ले-डेव्हिडसनने १९८० साली स्टर्जिस नावाच्या मॉडेलला इंजिन ते गिअरबॉक्स आणि गिअरबॉक्स ते चाक अशा दोन्ही टप्प्यांना दातेरी पट्टे दिले आणि त्यांच्या रस्त्यावरच्या क्रूझर आजही पट्ट्यावर धावतात. पण त्या गाड्यांचं मागचं चाक वर-खाली हलतं थोडंच, आणि रस्ता डांबरी. याच कंपनीने २०२१ मध्ये खडकाळ वाटेसाठी पॅन अमेरिका काढली तेव्हा तिला मुकाट्याने चेन बसवली. चाळीस वर्षं पट्टा वापरणाऱ्यांनी माती दिसताच चेनकडे वळावं, यावर मी आणखी काय सांगू?

आता दुसरी अडचण, दातांची. ४२० चेनची एक कडी १२.७ मिलिमीटरची. तुमचं ११ दातांचं पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, जेमतेम ४५ मिलिमीटर व्यासाचं आहे. एवढ्याशा गोलाईवर दर ८ मिलिमीटरवर दात असलेला पट्टा वळवू नये. २२ दातांच्या खाली जायचं नाही, असा शिरस्ता आहे. २२ दात म्हणजे ५६ मिलिमीटर व्यास. तुमचं आत्ताचं प्रमाण आहे ५४ भागिले ११, म्हणजे ४.९. तेच राखायचं तर मागची पुली लागेल १०८ दातांची, व्यास २७५ मिलिमीटर. तुमच्या टायरचा बाहेरचा व्यास आहे साधारण ३८०. निम्मे करून वजाबाकी करा : पुलीच्या खालच्या कडेपासून जमीन राहते सव्वापाच सेंटिमीटरवर, म्हणजे चार बोटांपेक्षाही कमी. पनवेलच्या मुरमाड जागेत तेवढे दगड पावलोपावली असतात. पुली दगडावर आदळली की कडा वाकणार, कडा वाकली की पट्टा एका बाजूने घासणार.

गॅरेजवाल्याने यातून पळवाट काढली असणार, ती मी ओळखतो. तो मागे ८० दातांची पुली लावील. सुटसुटीत दिसेल, जागेत बसेल. पण प्रमाण ४.९ वरून ३.६ वर आलं. चाकाला मिळणारी ओढ चौथ्या हिश्श्याहून जास्त घटली. गाडी सपाटीला जास्त पळेल, जे बारा वर्षांच्या मुलाला नको आहे, आणि चढावर कुथेल, जे मोटरला नको आहे. तीच चढण चढायला मोटर जास्त करंट ओढणार, मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर तापणार, मग तुमचं पुढचं पत्र येणार की ‘काका, गाडी मध्येच बंद पडते’.

ताण घेणारी स्प्रिंगची पुली लावून सात मिलिमीटरचा हिशोब जुळवता येईल का, हा प्रश्न तुमच्या मुलाला पडलाच असेल. कागदावर जुळतो. ॲक्सिलरेटर दिला की वरचा पदर ताठ आणि खालचा सैल, म्हणून ती पुली खाली लावायची. पण बऱ्याच इलेक्ट्रिक बाइकना ॲक्सिलरेटर सोडल्यावर किंवा ब्रेक दाबल्यावर मोटरच उलटा जोर लावते आणि बॅटरीत थोडी वीज परत घालते. त्या क्षणी खालचा पदर ताठ होतो आणि सगळी ओढ त्या बिचाऱ्या स्प्रिंगवर येते. स्प्रिंग दबली की वरचा पदर सैल, पट्ट्याने दात सोडले.

चिखलाचं तर विचारूच नका. चेनच्या कड्यांत भोकं असतात, दात त्यातून माती बाहेर ढकलतो. पट्ट्याच्या पुलीत खाचा असतात. तिथे बोराएवढा खडा अडकला की तो पट्ट्याच्या पाठीकडून बाहेर यायला बघतो आणि एकदोन दोरे तोडतो. वरून काही दिसत नाही. महिनाभराने पट्टा तिथेच तुटतो.

पट्टा वरून किती राकट दिसतो आणि आतून किती नाजूक असतो, हे मला माझ्याच मूर्खपणामुळे कळलं. काही वर्षांपूर्वी पुतण्यासाठी एक छोटी इलेक्ट्रिक गाडी जुळवत होतो, इथेच रबाळ्याच्या गाळ्यात. मोटर थेट चिमट्यावर बसवली होती, म्हणजे अंतर बदलण्याचा प्रश्नच नव्हता. चाक जड झालं, गाडी उसळायची, पण चालत होती. नागदेवी स्ट्रीटवरून चांगला भारी पट्टा आणला आणि बाकीचं काम होईपर्यंत भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवला. दोन महिने. पहिल्या फेरीत गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तुटला. तोही फाटून नाही, सुरीने कापल्यासारखा सरळ आडवा. हातात घेऊन बघत बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातला मोल्डिंगवाला आला, त्याने पट्ट्याकडे पाहिलं, मग खिळ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता चहा सांगायला गेला. खिळ्यावर पट्ट्याला जी बारीक घडी पडली होती, तिथले दोरे मोडले होते. तेव्हापासून पट्टा माझ्याकडे आडवा, मोठ्या वेटोळ्यात, रिकाम्या रंगाच्या बादलीत असतो.

आणखी एक. चेनला जोडकडी असते, ती उघडून कुठूनही ओवता येते. पट्टा अखंड येतो. तो आत घालायचा तर अख्खा चिमटा बोल्टातून काढावा लागतो, शॉकप सोडवावा लागतो. बरं, लांबी दातांच्या पटीतच मिळते. २२ आणि ८० दातांना तुमच्या ४७० अंतरावर १३६० मिलिमीटरच्या जवळपासचा पट्टा लागेल. तो दुकानात नसला तर ॲक्सल पुढे-मागे सरकवायला तुमच्या चिमट्यात जेवढी खाच आहे तेवढीच मुभा. डर्ट बाइक पनवेलला उभी आहे, पट्टा तुटलाय आणि रविवार संध्याकाळ आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. चेन तुटली तर खिशातल्या जोडकडीवर काम भागतं.

पट्ट्याला डर्ट बाइकमध्ये जागाच नाही असं मात्र नाही. सूर-रॉन कंपनीची लाइट बी ही इलेक्ट्रिक डर्ट बाइक बघा. मोटरपासून मधल्या शाफ्टपर्यंत झाकलेल्या कप्प्यात पट्टा, आणि मधल्या शाफ्टपासून चाकापर्यंत ४२० चेन. मोटर आणि मधला शाफ्ट दोन्ही फ्रेमवर, अंतर बदलत नाही, माती आत येत नाही, आणि मोटरच्या वेगवान टोकाची किणकिण पट्टा गिळतो. मला हे डिझाइन शहाणपणाचं वाटतं. गंमत अशी की जास्त ताकदीचा कंट्रोलर बसवणारे लोक तोच पट्टा दात सोडतो म्हणून काढतात आणि तिथे चेन बसवतात. तुम्ही चेनवरून पट्ट्याकडे निघालात, ते पट्ट्यावरून चेनकडे.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. चेन दोनदा पडते, म्हणजे एकतर ती लांबली आहे किंवा दोन्ही स्प्रॉकेट एका ओळीत नाहीत. दोन्ही गोष्टी तुमचा मुलगा घरी तपासू शकतो. पण आधी किल्ली काढायची आणि बॅटरीची पिन उपसायची. मोटरला आवाज नसतो. फडका धरून चेन पुसताना चुकून ॲक्सिलरेटरची मूठ फिरली की बोट स्प्रॉकेटमध्ये जातं. माझ्या ओळखीत असं एक बोट एक पेर कमी आहे.

चेनचा खालचा पदर ताठ धरून एका पिनच्या मध्यापासून मोजायला सुरुवात करा आणि वीस कड्या सोडून येणाऱ्या पिनच्या मध्यापर्यंत या. नव्या चेनला हे अंतर २५४ मिलिमीटर भरतं, तीस सेंटिमीटरच्या पट्टीत मावतं. २५९ च्या पुढे गेलं असेल तर चेन संपली, तिला तेल घालून उपयोग नाही. नवी चेन घ्याल तेव्हा दोन्ही स्प्रॉकेटही बदला, नाहीतर झिजलेले आकड्यासारखे दात नवीन चेनही सहा महिन्यांत खातील.

ओळ बघायची तर मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला शिवणाचा दोरा लावून पुढे ताणा, पुढच्या स्प्रॉकेटला तो त्याच रेषेत टेकला पाहिजे. चिमट्यावरच्या ॲक्सलच्या खुणांवर विसंबू नका, स्वस्त गाड्यांत त्या डाव्या-उजव्या सारख्या नसतात. चिमट्याच्या बोल्टापासून ॲक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा.

झोल किती ठेवायचा? इथे गॅरेजवाले हमखास चुकतात. गाडी स्टँडवर उभी करून, चाक लोंबत असताना चेन घट्ट करतात, आणि मुलगा बसला की चेन तारेसारखी होते. शॉकपचा खालचा बोल्ट काढा, मुलाला चाक हाताने उचलायला सांगा, आणि शाफ्ट, बोल्ट, ॲक्सल एका रेषेत आले की थांबा. चेन सगळ्यात ताठ असते ती इथेच. या जागी खालच्या पदराला बोटाने वर-खाली साधारण एक सेंटिमीटर हलू द्या आणि ॲक्सलचा नट आवळा. मग शॉकप परत लावा. बाकी कुठल्याही स्थितीत ती यापेक्षा सैलच असणार आणि ते बरोबर आहे.

जोडकडीची माशाच्या आकाराची क्लिप बघा. माशाचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला, उघडी शेपटी मागे. उलटी लागली असेल तर दगडाला घासून निसटते. दोनदा पडलेल्या चेनबद्दल मला हिचाही संशय आहे.

सेक्रेटरींच्या खडखडाटाबद्दल. ढकलताना खडखडते, म्हणजे चेन चिमट्यावर आपटते आहे. चिमट्याच्या वरच्या बाजूला रबराचं किंवा नायलॉनचं घसरपट्टीसारखं आवरण असतं, ते बहुधा झिजून गेलंय किंवा पहिल्या मालकाने फेकलंय. नवं नाही मिळालं तर जाड रबरी पाइप उभा चिरून चिमट्यावर चढवा आणि दोन टाय मारा. आवाज निम्म्याने तरी उतरेल. थोडी कुरकुर राहीलच, कारण ११ दातांवर चेन गोल फिरत नाही, अकरा कोनांवरून घरंगळते. पुढे १२ दात बसवलेत तर जरा मऊ होईल. ओढ आठ टक्के घटेल, पोराला कळणारही नाही. १३ वर जाऊ नका.

गंज लागलेल्या कड्यांना रॉकेल आणि जुना टूथब्रश. पेट्रोल नको. कोरडी पुसून प्रत्येक रोलरवर ९० नंबरच्या गिअर ऑइलचा एकेक थेंब, रात्रभर राहू द्या, सकाळी वरवरचं सगळं पुसून टाका. तेल रोलरच्या आत हवं. बाहेर राहिलं तर तिथे फक्त माती चिकटते आणि मग तुमच्या सोफ्याला लागते.

प्रश्न : माझ्या भाच्याची अशीच बाइक आहे. रविवारी सकाळी पाम बीच रोड मोकळा असतो किंवा येऊरला नेता येईल. इलेक्ट्रिक असल्याने नंबर प्लेट लागत नाही ना? — एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : लागते. नोंदणीतून सूट आहे ती २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि तशी मान्यता मिळालेल्या वाहनांना. १६०० वॉटची डर्ट बाइक त्यात बसत नाही, मग ती कितीही लहान दिसो. पाम बीच रोड हा सार्वजनिक रस्ता आहे, रविवारीही. मुलगा अठराच्या आतला असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ए खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथल्या पायवाटांवर असली गाडी घालायची नाही. कुंपणाची खासगी जागा शोधा, वरच्या ताईंसारखी. आणि हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, बूट. चप्पल घालून डर्ट बाइक चालवणाऱ्या मुलाचा फोटो तुम्ही पाठवलात, तो मी मुद्दाम छापायला दिला नाही.

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक मोटरसायकलला कंपनीचाच पट्टा आहे. सकाळी सुरुवातीला चिमणीसारखा चिवचिवाट येतो. चेनचा स्प्रे मारला तर चालेल? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : अजिबात नको. चेनचा स्प्रे, तेल, ग्रीस यातलं काहीही पट्ट्याच्या जवळ नेऊ नका. ते धूळ धरतं आणि काही प्रकारच्या पट्ट्यांचं रबर फुगवतं. चिवचिवाट बहुतेक वेळा पुलीच्या कडेवर बसलेल्या धुळीचा असतो. साध्या पाण्याने, मऊ ब्रशने, चाक हाताने फिरवत धुवा. दाबाच्या पाण्याची नळी बेअरिंगवर धरू नका.

धुतल्यावरही आवाज राहिला तर पट्टा पुलीच्या एकाच कडेला सरकून चालतोय का बघा. तसं असेल तर ॲक्सल तिरका आहे, सर्व्हिसला नेऊन सरळ करून घ्या. आणि तिथे ताण मोजताना मेकॅनिक पट्ट्यावर टिचकी मारून फोन धरेल, त्याला हसू नका. पट्टा तारेसारखा कंप पावतो, आणि त्या स्वरावरून ताण कळतो. ताण वाढला की स्वर चढतो. माझ्या लहानपणी कळव्याला तबला शिकवणारे मास्तर शाईवर बोट मारून आणि कान लावून गट्टे ठोकत, तेच हे काम. फक्त इथे किती हर्ट्झ हवेत ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेलं असतं. तो आकडा मेकॅनिकला विचारा, आणि तो ‘अंदाजाने केलंय’ म्हणाला तर पुस्तिका उघडून दाखवायला सांगा.